सूर्यफुलाच्या पाकळ्या फोटोत सपाट येत होत्या, त्याचा उपाय

पाकळ्यांच्या रेषा जाऊन नुसता पिवळा डाग उरत होता. दोष फोकसचा नव्हता. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसायचा, पण लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, उजव्या कडेला आदळलेला. पिवळ्यात निळा जवळजवळ नसतोच. भर उन्हात लाल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे पुसले जातात. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू केला, एक्स्पोजर −०.७ (उजेड थोडा कमी), व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोऐवजी डेलाइट, फाइल रॉ (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा). शिरा परत दिसल्या.

वारा असेल तर शटर १/५०० सेकंद तरी हवं. जड डोकी स्थिर वाटतात, पण झुलतात.

पूर्ण उमललेलं फूल दिवसभर वळत नाही, बहुतेक पूर्वेलाच तोंड करून राहतं. त्यामुळे संध्याकाळी पूर्वेच्या बांधावर उभं राहायचं: फुलं समोर, उजेड त्यांच्या मागून, पाकळ्या कंदिलाच्या कागदासारख्या. दूरचं जवळ आणणारी १३५ मिमी लेन्स असली की पिकात शिरावंही लागत नाही.