उन्हाइतकंच बर्फापासूनही लस जपा

उपकेंद्रावर नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. माझी पहिली नेमणूक चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मे महिना, अंगाची लाही होत होती. उन्हाने लस खराब होईल या धास्तीने मी डीप फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरले. पाड्यावर पोचून झाकण उघडलं, तर पीसीव्हीची, म्हणजे न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या लसीची, बाटली पॅकला चिकटलेली आणि आत बर्फाचे कण. बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस खराब झाली का ते रंगाने दाखवणारी खूण, मात्र अगदी चांगला! बाटली बाजूला काढली, सुपरवायझर ताईंना कळवलं. बाळाला झोळीत घालून डोंगर उतरून आलेल्या आयांना त्या दिवशी पीसीव्हीशिवाय परत पाठवलं. ते चेहरे अजून आठवतात.

व्हीव्हीएम फक्त उष्णतेचं सांगतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. ती गोठून गेली असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. पीसीव्ही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवी, एकदा गोठली की टाकूनच द्यायची. म्हणून सकाळी आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवा. पॅकला घाम सुटला की कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळलं की मगच भरा. उन्हाळ्यात हे पटकन होतं, थंडीत फार वेळ लागतो, म्हणून घड्याळ बघत बसू नका, आवाज ऐका. बाटल्या झिपच्या पिशवीत ठेवा, पॅकला थेट टेकू देऊ नका.

पीसीव्हीचं वेळापत्रक सोपं आहे: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना बूस्टर. डोस ०.५ मिली, उजव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पेंटा, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, डाव्या मांडीत. बाटली हलवून घ्या, सिरिंज आधीच भरून ठेवू नका. उघडल्याची तारीख-वेळ लगेच बाटलीवर लिहा. सगळ्या अटी पाळल्या असतील तरच ती २८ दिवस वापरता येते.

दीड महिन्याच्या बाळाला पोलिओची धरून तीन इंजेक्शनं होतात. एका आजीने माझा हातच धरला, "एकच दिनमा तीन सुया काबरं वं बाई?" मी सुई खाली ठेवली. न्यूमोनियाने बाळाची छाती कशी आत ओढली जाते, ते हाताने दाखवलं. तिने ते घरात पाहिलेलं होतं. मग तिनेच सुनेच्या मांडीवर बाळाचे पाय धरले. गर्दी कितीही असो, या दोन मिनिटांची घाई करू नका.

लस दिल्यावर अर्धा तास बाळ तिथेच थांबलं पाहिजे. आया घरी निघायची घाई करतात. आशाताईंना आधीच सांगून ठेवा, सावलीची जागा बघा. आणि सत्राला निघण्यापूर्वी किटमधल्या, तीव्र ॲलर्जी झाली तर द्यायच्या ॲड्रेनलिनची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, दर वेळी.