घरच्या कामासाठी बेंच व्हाइस घेताना: कमी पैशांत नेमके काय पाहावे

घरातल्या छोट्या कार्यशाळेसाठी पहिला बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवून एक स्थिर आणि एक सरकता अशा दोन जबड्यांत वस्तू आवळून धरण्याचे साधन, घेणारा माणूस दुकानात बहुधा दोनच प्रश्न विचारतो: किती इंची आहे, म्हणजे जबडे किती रुंद आहेत, आणि केवढ्याला आहे. अडीच-तीन हजार रुपयांच्या आत व्हाइस घ्यायचा असेल, तर आकार आणि सोयी बाजूला ठेवून सगळे लक्ष धातूवर आणि जोडकामावर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. जबडे नीट जुळणारा, स्थिर बैठकीचा चार इंची व्हाइस हा त्याच किमतीच्या, गोल फिरणाऱ्या पण खडखडणाऱ्या सहा इंची व्हाइसपेक्षा घरच्या कामाला कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

मी पहिल्या खेपेला याच्या नेमके उलटे केले होते. मोठा आणि फिरता व्हाइस स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, आणि काही महिन्यांतच लोखंडी पट्टी वाकवताना त्याच्या सरकत्या जबड्याला मुळाशी तडा गेला. तड्याजवळचा निळा रंग खपलीसारखा निघाला, तेव्हा त्याखाली पुट्टीचा थर दिसला आणि पुट्टीखाली ओतकामात राहिलेली ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी. त्या दिवसापासून मी जाड, चकचकीत रंगाच्या व्हाइसकडे संशयानेच पाहतो.

तडा मुळाशीच का जातो, हे समजले की निवड सोपी होते. स्वस्त व्हाइस बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण आणि धक्का त्याला सोसवत नाही. वस्तू आवळली की ती जबड्याला बाहेर ढकलते, आणि जबडा जिथे धडाला मिळतो तिथल्या आतल्या बाजूवर ताण येतो. म्हणून जबड्याची रुंदी मोजण्याआधी त्याची मान किती जाड आहे हे पाहावे, आणि तो भाग बोटाने चाचपून कुठे खड्डा, उंचवटा किंवा लिंपल्याची खूण लागते का ते तपासावे. एसजी आयर्नचा, म्हणजे कमी ठिसूळ अशा खास ओतीव लोखंडाचा व्हाइस साध्या बिडाच्या व्हाइसपेक्षा चिवट असतो; थोडे अधिक पैसे मोजून तो मिळत असेल, तर घ्यावा. एकाच मापाचे दोन व्हाइस समोर असतील, तर ते काट्यावर ठेवायला सांगावे. खिळे तोलण्याचा काटा हार्डवेअरच्या दुकानात असतोच, आणि वजनातला फरक म्हणजे बहुतेक वेळा धातूतला फरक असतो.

यानंतर दांडा उलटा फिरवत राहून सरकता जबडा पूर्ण बाहेर काढावा. बहुतेक साध्या व्हाइसमध्ये तो सहज निघतो, आणि दुकानदाराने त्याला हरकत घेतली तर दुसरे दुकान गाठावे. बाहेर काढलेला जबडा माठ घेताना वाजवतो तसा लहान हातोडीने वाजवून पाहावा. फुटका, बद्द आवाज आला तर तो तुकडा नको. स्क्रूचे आटे चौकोनी किंवा माथ्याला सपाट असावेत, साध्या बोल्टसारखे टोकदार नसावेत, कारण टोकदार आटे सततच्या दाबाखाली लवकर झिजतात. आतला नट धडात घट्ट बसलेला आहे ना आणि जबडा ज्या खाचेत सरकतो ती यंत्रावर गुळगुळीत केलेली आहे ना, हेही याच वेळी दिसते.

जबडा परत बसवून तो जवळपास पूर्ण उघडावा आणि टोकाला धरून वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलवावा. थोडी हालचाल प्रत्येक व्हाइसमध्ये असते. पण टोक डोळ्यांना दिसेल इतके डोलत असेल, तर कानस चालवताना वस्तू थरथरेल आणि कड कधीच सरळ येणार नाही. शेवटी वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या कापून जबड्यांच्या दोन्ही टोकांना एक-एक धराव्यात, हलक्या हाताने आवळावे आणि दोन्ही ओढून पाहाव्यात. एक घट्ट आणि दुसरी सहज निघाली, तर जबडे समांतर नाहीत. ही परीक्षा मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण धातूच्या पातळ पट्टीवर काम करताना हाच दोष पदोपदी नडतो. जबड्यांवरच्या खरखरीत पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात.

मापाबाबत फार विचार नको. चावी घासणे, पाइप किंवा अँगल कापणे, विळीचे पाते धरणे अशा कामांना १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची व्हाइस पुरतो. जाड लोखंडाचे काम नेहमीचे असेल तरच १२५ मिलिमीटरचा घ्यावा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे पाच-सहा व्हाइस शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात, आणि वरच्या सगळ्या परीक्षा हाताने करायच्या असल्यामुळे हे ऑनलाइन खरेदीत साधत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेले व्हाइसही दिसतात. त्यांतला गंजलेला पण तडा नसलेला जड व्हाइस मी नव्या हलक्या व्हाइसपेक्षा पसंत करीन. गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशने निघतो. मात्र वेल्डिंग करून जोडलेला जबडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

बसवण्यात घाई केली तर चांगला व्हाइसही वाया जातो. लाकडी स्क्रू न वापरता आरपार बोल्ट घालावेत, खाली मोठे वॉशर द्यावेत आणि जागा टेबलाच्या पायावर किंवा पायाच्या अगदी जवळ निवडावी. स्थिर जबड्याचा आतला चेहरा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. जबड्यांचा वरचा काठ आपल्या कोपराच्या उंचीला असावा. त्याहून खाली असेल तर कानस चालवताना पाठ भरून येते. आवळताना दांड्यावर पाइप चढवू नये, आणि हातोडा मारायचाच असेल तर स्थिर जबड्याच्या दिशेने मारावा, म्हणजे घाव स्क्रूवर आणि नटावर जात नाही. पितळ किंवा लाकूड धरायचे असेल तेव्हा अ‍ॅल्युमिनियम अँगलचे जबड्याएवढे दोन तुकडे कापून जबड्यांवर टेकवावेत. वस्तूवर एकही ओरखडा उठत नाही.