मोबाइलशी बुद्धिबळ खेळताना या चुका टाळा

दर उन्हाळी शिबिरात कुणीतरी येऊन सांगतंच, "सर, मी 2000ची लेव्हल हरवली!" म्हणजे आपणही 2000 रेटिंगच्या (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) खेळाडूइतके तयार झालो, या समजापायी मुलांची वर्षं वाया जाताना पाहिली आहेत, म्हणून आधी तेच.

लेव्हल कमी केलेलं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) हे बहुतेक वेळा मुद्दाम चुकायला लावलेलं पक्कं इंजिन असतं. दहा चाली अचूक खेळतं आणि अकराव्या चालीला घोडा फुकट देतं. माणूस चुकतो तो घड्याळ संपत आलं की, राजावर हल्ला आला की. माझ्याकडचा एक मुलगा वर्षभर फक्त मोबाइलशी खेळला. पहिल्या रेटेड स्पर्धेत, म्हणजे जिचे निकाल रेटिंगला धरले जातात तिथे, समोर 1400च्या आसपास रेटिंग असलेले एक काका. पोरगा एका प्याद्याने वर होता, पण समोरून मोहरा फुकट मिळेल म्हणून नुसत्या चाली ढकलत राहिला. काकांनी काही सोडलं नाही. हत्तींच्या अंतिम डावात प्यादं परत घेतलं, मग डावही घेतला. मुलगा जिन्यात बसून रडला. तेव्हापासून माझ्याकडे आठवड्याला तीन लांब डाव माणसाशीच, घड्याळ लावून, चाली हाताने लिहून.

"जगज्जेत्याने मनावर घेतलं तर कॉम्प्युटर हरेल" हेही सोडा. जगज्जेत्या कास्पारॉव्हने 1996मध्ये फिलाडेल्फियात आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरला 4-2 हरवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो साडेतीन-अडीच हरला. ते यंत्र सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचं. 2005मध्ये लंडनला हायड्रा या कॉम्प्युटरने इंग्लंडचा ग्रँडमास्टर मायकेल अॅडम्सकडून सहापैकी पाच डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. 2006मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झ या प्रोग्रामकडून 4-2 हरला, दुसऱ्या डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. "चुकला म्हणून हरला" असं लोक म्हणतात. अहो, सहाव्या तासालाही इंजिनला एका चालीतली मात दिसते, ताकद ती हीच! आज तुमच्या फोनवरचं स्टॉकफिश हे फुकट मिळणारं इंजिन त्या सगळ्या यंत्रांना भारी आहे.

इंजिन माणसापेक्षा किती भारी हे काढायला त्याच्या 3600च्या आसपासच्या रेटिंगमधून माजी जगज्जेत्या कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च 2882 वजा करू नका. इंजिनांचं रेटिंग त्यांच्या आपसातल्या डावांवर ठरतं, दोन्ही मापं वेगळी.

ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, इंजिनची पहिली पसंती पाठ करणं हा निव्वळ आळस आहे.

आणि डाव संपल्या संपल्या इंजिन लावणं! याचा मला खरोखर राग येतो. इंजिनचा आकडा अधिक 0.8, म्हणजे जवळजवळ एका प्याद्याइतकी आघाडी, दिसला की मुलगा म्हणतो, "मी जिंकत होतो." तो आकडा पुढच्या अचूक चाली गृहीत धरतो, आणि त्या चाली मुलाला दिसलेल्याच नसतात. मी त्या रात्री वहीत लिहितो: कुठे घाबरलो, कुठली चाल बघितलीच नाही, कुठे वेळ गेला. इंजिन दुसऱ्या दिवशी, तेही त्या तीन-चार जागांपुरतंच. प्रत्येक जागी एक-दोन मिनिटं थांबतो, कारण पहिल्या सेकंदाला दाखवलेली चाल पुष्कळदा बदलते. मग ती चाल पटावर, खऱ्या सोंगट्यांनी, स्वतः खेळून बघतो.