पॅलिओ आहारात ठेचा चालतो, पण दाण्यांशिवाय

पॅलिओ म्हणजे अश्मयुगीन माणसासारखं खाणं: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं चालतात; धान्यं, कडधान्यं, साखर, रिफाइंड तेल वर्ज्य. मिरची, लसूण, आलं, लिंबू हे सगळं त्यात बसतं. अडचण तिखटाची नाही, त्यासोबत येणाऱ्या गोष्टींची आहे. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, म्हणून वर्ज्य. शेजवान चटणीत बहुधा सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर, बाटलीतल्या चिली सॉसमध्ये साखर, विकतच्या लोणच्यात रिफाइंड तेल. हिंगाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही: बांधणीच्या, म्हणजे भेसळ न म्हणता मुद्दाम पीठ मिसळून विकल्या जाणाऱ्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. पाकीट उलटून घटक वाचाच.

घरचा ठेचा सर्वात भरवशाचा. 10 हिरव्या मिरच्यांना चीर द्या, नाहीतर तव्यावर फुटून उडतात. लोखंडी तव्यावर चमचाभर खोबरेल तेलात पांढरे डाग पडेपर्यंत परता. 8 लसूणपाकळ्या शेवटच्या मिनिटाला टाका. करपल्या की ठेचा कडू होतो. दाण्यांऐवजी 2 चमचे भाजलेलं सुकं खोबरं आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये त्याचा चिकट लगदा होतो. वरून अर्धं लिंबू पिळा. फ्रिजमध्ये ठेवून 3 दिवसांत संपवा.

पॅलिओचा ‘ऑटोइम्यून’ प्रकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांसाठीचा जास्त कडक आहार) पाळत असाल तर मात्र मिरचीही बंद. तिथे तिखटपणा आलं-लसणावरच भागवावा लागतो.