जुन्या कॉम्प्युटरमधले घरचे फोटो कसे वाचवायचे

घरातला जुना डेस्कटॉप अडखळू लागला की पहिला विचार तो दुरुस्त करून घेण्याचा येतो. आत घरचे फोटो असतील तर तो विचार बाजूला ठेवा. कॉम्प्युटर दुसरा मिळतो. फोटो हार्ड डिस्कवर आहेत, आणि थकलेल्या डिस्कचे किती तास उरलेत हे कुणालाच सांगता येत नाही. जे उरलेत ते फोटो वाचून घेण्यातच जायला हवेत. विंडोज नव्याने टाकणं, अँटिव्हायरस फिरवणं, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं, यातलं काहीही करू नका. डिलीट झालेल्या फोटोची जागा डिस्कच्या लेखी रिकामी असते. तिथे नवीन काही लिहिलं गेलं की तो फोटो कायमचा गेला.

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा, कारण पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते. पंखे फिरतात, बीप वाजते, पण स्क्रीन काळीच राहते, तेव्हा बहुधा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते किंवा तिच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढलेला असतो. ठाण्या-वाशीच्या खाडीकाठच्या दमट हवेत हे नेहमीचंच. मशीन मध्येच बंद पडत असेल तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर तपासा. तारीख दर वेळी मागे जाते आणि विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबतं, तेव्हा संशय सीआर २०३२ या बटण सेलवर घ्या. तो संपला की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर जातं, डिस्कच्या साटा जोडणीचा मोड बदलू शकतो आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. या सगळ्या प्रकारांत डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की बहुतेक वेळा काम झालं.

डिस्कच आजारी असल्याची लक्षणं वेगळी. फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी एकाच फाइलवर अडकते, सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला घेतं. ती तपासणी सुरू व्हायच्या आत कुठलीही कळ दाबून थांबवा. या तपासणीचं, म्हणजे चेकडिस्कचं, काम फाइलव्यवस्था सुसंगत करणं एवढंच आहे. अर्धवट वाचता येणाऱ्या फोल्डरची नोंद ते सरळ कापून टाकतं, आणि खराब सेक्टरवर, म्हणजे न वाचता येणाऱ्या तुकड्यांवर, डिस्कला पुन्हा पुन्हा राबवतं.

डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक आवाज येत असेल तर वीज लगेच बंद करा. आतलं हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, बहुधा निकामी झालेलं असतं आणि चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं. इथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. बाहेर काढताच आपल्या हवेत तिच्यावर आणि आत दव धरतं. पुराचं पाणी शिरलेली डिस्कही चालू करायची नाही आणि हेअर ड्रायरने वाळवायची नाही. हवाबंद पिशवीत घालून तशीच डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे न्या.

आवाज ठीक असेल तर पुढचं काम घरी होतं. डेस्कटॉपची वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा आणि डिस्क धरून ठेवणारे स्क्रू काढा. साधारण २००५ च्या आधीच्या मशीनमध्ये रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क सापडते, नंतरच्यांत ७ पिनांच्या अरुंद केबलची साटा. दोन्ही जोडता येतील असा यूएसबी अडॅप्टर घ्या. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी फक्त ५ देतं, म्हणून अडॅप्टरसोबत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा चार्जर हवाच. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कला तो लागत नाही. चार्जर अडॅप्टरसोबत आलेलाच वापरा. घरातला दुसरा कुठला पिन बसते म्हणून लावला तर डिस्कचं सर्किट जळू शकतं, आणि सर्किट बदलणंही सोपं नसतं, कारण त्यावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते.

हे सामान ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये विचारून पाहा. आयडीईचा अडॅप्टर मिळत नसेल तर मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा, पण रविवार सोडून. सोबत एक नवी बाहेरची हार्ड डिस्क घ्या, जुनीच्या एकूण क्षमतेपेक्षा मोठी. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

डिस्क टेबलावर सपाट ठेवा. गादीवर नको, धातूवर तर मुळीच नको. आयडीईच्या ४० पिनांपैकी एक मुद्दाम नसते, त्यामुळे प्लग एकाच बाजूने बसतो. जोर लावू नका. आधी डेटा, मग पॉवर, शेवटी लॅपटॉपची यूएसबी. फिरती डिस्क हलवायची नाही. पंखा तिच्याकडे वळवा आणि तापमान ५० अंशांवर गेलं तर थांबा. पावसाळ्यात महावितरणची वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, डिस्कचा चार्जर नाही, तेव्हा तो इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या सॉकेटला लावा.

जोडल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करा’ असं विचारू शकतं. दोन्हींना नकार. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळी बघा. तिन्हींच्या मूळ आकड्यांत शून्य असेल तर सरळ कॉपी करा. शून्य नसेल, विशेषतः सी५ मध्ये, तर फोटो एकेक करून ओढत बसू नका. खराब जागेवर कॉपी अडकते आणि तिथेच डिस्क जीव टाकते.

अशा डिस्कची आधी पूर्ण प्रतिमा घ्यायची, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवरच्या एका फाइलमध्ये. दुसऱ्या एखाद्या चांगल्या कॉम्प्युटरवर रूफस हे सॉफ्टवेअर वापरून पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली उतरवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि अशी नक्कल काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. पहिली फेरी ‘एन’ पर्याय लावून. यात ते चांगला भाग आधी वाचून घेतं आणि खराब भाग खरवडत बसत नाही. दुसरी फेरी ‘डी’ आणि ‘आर ३’ लावून, म्हणजे सुटलेल्या सेक्टरवर तीन वेळा प्रयत्न. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी नकाशाची फाइल दोन्ही फेऱ्यांना एकच द्या. मध्ये वीज गेली किंवा डिस्क थंड करावी लागली तरी काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं याची अदलाबदल झाली तर जुनी डिस्कच पुसली जाईल. मॉडेल नंबर आणि क्षमता दोनदा ताडून पाहा, मगच एंटर दाबा. निरोगी ८० जीबीची डिस्क यूएसबी २ वरून तासाभरात उतरते, आजारी डिस्कला दिवसही लागतो. घाई नको.

प्रतिमा हाती आली की मूळ डिस्क काढून ठेवा. पुढचं सगळं त्या फाइलवर. मिंटमध्ये डिस्क इमेज माउंटरने ती उघडा. एक्सपीमध्ये फोटो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये ज्याच्या त्याच्या नावाखाली असतात, विंडोज ७ मध्ये ‘युजर्स’मध्ये. तेवढ्यावर थांबू नका. डेस्कटॉप, डी ड्राइव्ह, ‘न्यू फोल्डर’ नावाचे सगळे फोल्डर आणि जुन्या ईमेलच्या अटॅचमेंट पाहा. पिकासा हे गूगलचं जुनं फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. सुधारित फोटोंच्या मूळ प्रती ते ‘पिकासाओरिजिनल्स’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. आणि डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे उघडून बघाच, लग्नाची सीडी तिथेच राहिलेली असू शकते.

फोल्डर दिसतच नसतील किंवा फोटो डिलीट झाले असतील तर त्याच प्रतिमेवर पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवा. फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. तारीख मात्र कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली असते, एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर तिच्यावरून पुन्हा नावं देतं. यात वेबसाइटची चित्रंही ढिगाने निघतात. ती लहान आकारावरून उडवण्याचा मोह होतो, पण जुन्या मोबाइलचे ६४० गुणिले ४८० चे फोटोही ५०-६० केबीचेच असत. आजोबांचा एकमेव फोटो त्यांतच असेल. नजरेखालून घालूनच पुसा.

मिळालेले फोटो पूर्ण आकारात उघडून तपासा. छोटं चित्र फोटोच्या आत वेगळं साठवलेलं असतं, त्यामुळे ते चांगलं दिसतं आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो. असे फोटो वेगळे काढा. नातेवाइकांकडे त्याच फोटोची प्रत मिळू शकते.

लॅबकडे जायची वेळ आलीच तर तीन गोष्टी आधी विचारा: डिस्क धूळमुक्त खोलीत उघडतात का, फोटो मिळाले नाहीत तर पैसे किती, आणि काय काय मिळेल याची यादी आधी दाखवतात का. कोपऱ्यावरच्या दुकानात टेबलावर डिस्क उघडून देऊ नका, धुळीचा एक कण हेडखाली जाणं पुरे होतं. लोकलने नेताना अँटिस्टॅटिक पिशवी, वर बबल रॅप, आणि बॅग पोटाशी.

फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत पोहोचेपर्यंत जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नका.