नवीन टेक्नॉलॉजी खरंच सगळ्यांच्या भल्याची आहे का, हे कसं तपासायचं

"विज्ञान पुढे गेलं की समाजाचं भलंच होतं" म्हणणारे आणि "सगळं वाटोळं विज्ञानानेच केलं" म्हणणारे, दोघांशीही मी खूप वाद घातलेत आणि दरवेळी हाती काहीच लागलं नाही, कारण प्रश्नच एवढा मोठा की त्यात कुणीही काहीही म्हणू शकतं. म्हणून आता मी एकच गोष्ट घेते, एखादं औषध, एखादं मशीन, एखादं अॅप, आणि तिची कागदावर उलटतपासणी करते. कसं ते सांगते.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फायदा कुणाचा, उजवीकडे भुर्दंड कुणाला. खरोखर लिहा, डोक्यात ठेवू नका, डोक्यात सगळी सरमिसळ होते आणि "एकंदरीत चांगलंच आहे की" असं म्हणून आपण मोकळे होतो.

सरावासाठी शिशाचं पेट्रोल घ्या. 1921 मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनियरला सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन अगदी थोडं मिसळलं की इंजिनचं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खटखट, थांबते. डावी बाजू भराभर भरते, ताकदवान इंजिनं, गाडीवाले खूष, कंपन्यांना पैसा. आता उजवी बाजू. 1924 मध्ये हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, काही जण मेले. तेव्हा मिजलीने पत्रकारांना बोलावलं, ते द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला, की बघा, काही होत नाही. हाच माणूस आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टी घेऊन बसला होता! मला हे वाचून फार राग आला होता, अजूनही येतो. आणि कामगार तर निदान दिसले तरी, गाड्यांच्या धुरातलं शिसं ज्या लहान मुलांच्या मेंदूपर्यंत गेलं त्यांचं नाव कुठल्या हिशेबात? म्हणून उजव्या बाजूला जे स्वतः काही विकत घेत नाहीत तेही लिहायचे, लहान मुलं, शेजारचे, अजून जन्माला न आलेले.

नावाकडेही लक्ष द्या. ते रसायन बाजारात "एथिल" नावाने आलं, शिशाचा उल्लेखच नाही. शिसं विषारी असतं हे लोकांना शेकडो वर्षं माहीत होतं, त्यामुळे नावातून नेमका कुठला शब्द गाळलाय हे शोधलं की बरंच कळतं.

मग विचारायचं, तपासलं कुणी? पैसे कुणाचे? शिशाच्या पेट्रोलवरचं संशोधन कित्येक दशकं मुख्यतः ते विकणाऱ्यांच्याच पैशावर चाललं. ते उघडं पाडण्यात मोठा वाटा क्लेअर पॅटरसनचा. हा गडी मुळात पृथ्वीचं वय मोजत होता, त्याला जिकडेतिकडे शिसंच सापडायला लागलं आणि 1965 मध्ये त्याने ते जाहीर मांडलं. दुसरं उदाहरण थॅलिडोमाइडचं. 1957 पासून पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विकलं जायचं, गरोदर बायका मळमळीवरही घ्यायच्या. अमेरिकेत ते मंजुरीला आलं तेव्हा औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी कंपनीचा दबाव असूनही अडून बसल्या की पुरावा कमी आहे, अजून आणा. 1961 मध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात हजारो बाळं हात-पाय अर्धवट घेऊन जन्माला आली होती. एक बाई "थांबा" म्हणाली म्हणून किती घरं वाचली बघा. तुमच्या गोष्टीत असं "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाला आहे, ते नाव लिहा. कुणालाच नसेल तर तसंच लिहा.

आता पोच. शोध लागणं आणि तो माणसापर्यंत जाणं यात कधी कधी पिढ्या जातात. देवीची लस 1796 ची, देवी जगातून गेल्याची घोषणा झाली 1980 ला. मधल्या काळात उन्हात न नासणारी सुकवलेली लस आली, दोन टोकांची साधी सुई आली जिने थोडक्या लसीत जास्त माणसं टोचता यायची, आणि मुख्य म्हणजे गावोगाव चालत जाणारी माणसं होती. मला तर ती सुई कुठल्याही मोठ्या मशीनपेक्षा जास्त आवडते.

घरचंच सांगायचं तर माझ्या आईच्या बोटांचे ठसे कामाने झिजलेत, अंगठा लावून ओळख पटवायच्या मशीनला ते वाचताच येत नाहीत, ती पुसते, फुंकते, परत दाबते, मागची रांग चुळबुळ करते आणि काउंटरवरचा म्हणतो उद्या या.

शेवटचा प्रश्न, चुकलं तर मागे फिरता येईल का. फ्रिजमधले सीएफसी वायू पण मिजलीच्याच टीमचे, 1928 चे. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी इशारा दिला की ते सूर्याची घातक किरणं अडवणारा ओझोनचा थर खातात, 1985 ला त्या थरातलं अंटार्क्टिकावरचं छिद्र जगापुढे आलं आणि 1987 ला हे वायू थांबवायचा माँट्रियल करार झालासुद्धा, कारण मोजणारे होते, पर्यायी वायू बनवता येत होते. शिशाच्या पेट्रोलला मात्र गाड्यांसाठी जगभरातून जायला 2021 उजाडलं, शंभर वर्षं, आणि मातीत पडलेलं शिसं अजून तिथेच आहे. जे परत गोळा करता येत नाही त्याच्यापुढे उजवीकडे मोठी फुली मारा.

कागदावर तारीख घाला आणि वर्षभराने परत काढा, दोन्ही बाजू बदललेल्या असतात. आईच्या मशीनचा कागद माझ्याकडे आहे, डावीकडे "खोटी नावं गेली", उजवीकडे "आईच्या तीन फेऱ्या", आणि "थांबा" म्हणणाऱ्याची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेसाठी मी अर्ज लिहिलाय, ठसा न जुळल्यास दुसरा मार्ग द्या म्हणून.