गहाण सोडवणारं प्रेम: ख्रिस्ती प्रेमकादंबरी कशी वाचावी

ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या बहुतेक एकाच जागी हातातून सुटतात. नायिका प्रार्थनेला बसते, तिच्या मनातली ओढाताण दोन पानं चालते, आणि वाचक "पुढे काय झालं" या घाईत ती पानं उलटून टाकतो. पण ख्रिस्ती प्रेमकादंबरीत गोष्ट वळते ती नेमकी तिथे. नकार देणारी नायिका होकारापर्यंत का आली, हे त्या दोन पानांत असतं. ती गाळली की शेवटचं लग्न उगाच जुळवल्यासारखं वाटतं, आणि दोष लेखिकेच्या माथी जातो.

मराठी वाचकाची दुसरी अडचण एका शब्दाची आहे. इंग्रजीत वारंवार येणारा 'रिडेम्प्शन' हा शब्द आपण मनातल्या मनात 'मोक्ष' असा वाचतो. तिथे गाडी चुकते. बायबलमधला अर्थ व्यवहारातला आहे: गहाण पडलेली जमीन किंवा गुलाम झालेलं माणूस किंमत मोजून सोडवून आणणं. म्हणून कुठलीही कादंबरी उघडताना मनाशी दोन प्रश्न ठेवावेत. इथे कोण गहाण पडलंय, आणि सोडवण्याची किंमत कोण मोजतंय? कर्ज, बदनामी, जुना राग, बापाला दिलेला शब्द, यांपैकी काहीही गहाणखत असू शकतं. 'ग्रेस' म्हणजे कृपा, तीही न कमावलेली. हे दोन शब्द पक्के झाले की निम्मी कादंबरी उलगडते.

पहिली कादंबरी घेण्याआधी मराठी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचून काढावं. चार अध्याय, 85 वचनं, वीसेक मिनिटांचं काम. ऐतिहासिक ख्रिस्ती प्रेमकथेचा सांगाडा बऱ्याचदा इथूनच आलेला असतो. विधवा, परकी रूथ कापणीनंतर शेतात सरवा वेचायला जाते. शेतमालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम ओढून टाका, तिला वेचू द्या. तो तिच्या पदरात दान टाकत नाही. तिच्या कष्टाला मान राहील अशी वाट काढतो. चांगल्या कादंबरीतला नायक असाच वागतो. शेवटच्या अध्यायात बवाज वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो. जवळचा नातलग जमीन सोडवायला आधी तयार होतो, पण रूथलाही पत्करावं लागेल हे कळताच मागे हटतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून रीतीप्रमाणे पायातला जोडा काढून देतो. हा जोडा लक्षात ठेवावा. पुढे एखाद्या कादंबरीत श्रीमंत, सुस्वभावी दुसरा वर ऐनवेळी माघार घेतो, तेव्हा लेखिका कुठून बोलतेय ते लगेच कळतं.

बायबलमधलंच होशेय या संदेष्ट्याचं पुस्तक यापेक्षा कठोर आहे. सोडून गेलेल्या बायकोला होशेय पंधरा शेकेल (जुनं वजन) चांदी आणि दीड होमर (धान्याचं माप) जव देऊन परत आणतो. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 1991 सालची 'रिडीमिंग लव्ह' याच कथेवर उभी आहे, पण काळ 1850च्या सुमाराचा आणि जागा सोन्याच्या शोधाने पेटलेला कॅलिफोर्निया. या प्रकारच्या पुस्तकांना 'क्लीन' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर बंद होतं. दुःख कमी असतं असं मुळीच नाही. या कादंबरीत लहान मुलीवरचे अत्याचार आहेत, म्हणून घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती देण्याआधी मोठ्यांनी ती स्वतः वाचावी.

काळाची तयारी अर्ध्या तासात होते. त्या काळात लग्न कसं ठरे आणि जमीन कोणाच्या नावावर होई, एवढं बघितलं तरी पुरतं. अमेरिकेच्या माळरानावरची कथा असेल तर 1862चा होमस्टेड कायदा बघावा: 160 एकर सरकारी जमीन, पाच वर्षं राहून कसली की नावावर. एकवीस वर्षांवरची अविवाहित बाई किंवा विधवाही असा दावा लावू शकत होती. हे माहीत असलं की सोयीसाठी केलेल्या लग्नातली विधवा दुबळी वाटत नाही. तिच्या हातात काय आहे ते दिसतं. इंग्लंडमधली 1811 ते 1820ची 'रीजन्सी' कथा असेल तर चर्चमध्ये तीन रविवार होणारी लग्नाची जाहीर घोषणा समजून घ्यावी. तिसऱ्या रविवारी कोणी हरकत घेतली की काय होईल, यावर अख्खं प्रकरण तोललेलं असतं. रोमची कथा असेल तर तीन सालं पुरतात: इ.स. 64ची रोममधली आग, 70 साली जेरुसलेमचा पाडाव, 313मध्ये ख्रिस्ती धर्माला मिळालेली मोकळीक.

लेखकाचा अभ्यास पारखायची एक सोपी खूण आहे. बाराव्या शतकातली नायिका "चौथ्या अध्यायाचं आठवं वचन" असं म्हणाली, तर तिथे अभ्यास कच्चा आहे. बायबलमधली आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातले, वचनांचे आकडे 1551चे. बायबल छापलं गेलं तेच 1455च्या सुमारास. त्याआधीच्या शेतकऱ्याच्या घरी फळीवर बायबल दिसलं, तर पुढच्या तपशिलांवर फार विसंबू नये.

विश्वास ठेवणारी नायिका विश्वास न ठेवणाऱ्या नायकाला दोनशे पानं ताटकळत ठेवते, तेव्हा ती गर्विष्ठ वाटते. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विजोड नातं जोडू नये असं सांगितलंय (वचन 14). नायिका त्या वचनाला बांधलेली असते. खरी कसोटी पुढे लागते. नायक केवळ तिच्यासाठी बदलला, तर कादंबरी कमजोर आहे. ती हातची जाईल हे दिसत असतानाही तो बदलला, तर कादंबरी जपून ठेवण्यासारखी. नायकच देवाच्या जागी जाऊन बसला, तर नायिका फक्त एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेली.

कल्पित राज्यांच्या कथांत पहिली पन्नास पानं सावकाश घ्यावीत. तिथे येशूचं नाव बहुधा नसतंच. पुस्तकात एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवून चार गोष्टी टिपाव्यात: सर्वश्रेष्ठाला काय म्हणतात, शपथ मोडली तर काय होतं, शक्ती मिळालेली आहे की हिसकावलेली, आणि तिची किंमत काय. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण बायबलमध्ये जादूटोण्याला मनाई आहे. म्हणून हे लेखक सहसा नायिकेची शक्ती 'देणगी' म्हणून दाखवतात आणि मंत्रतंत्र खलनायकाकडे ठेवतात. मात्र प्रत्येक राजा म्हणजे ख्रिस्त आणि प्रत्येक नदी म्हणजे बाप्तिस्मा असं कोडं सोडवत बसू नये. त्यात प्रेमकथा हरवते.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी बाबा पद्मनजींचं 1857चं 'यमुनापर्यटन' घ्यावं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं. नवराबायकोचा प्रवास, विधवांचे हाल आणि ख्रिस्ती श्रद्धा एकाच धाग्यात येतात. भाषा जुनी आहे. मोठ्याने वाचली की सोपी होते.

बडोद्यात पुस्तकाची चणचण नवी नाही आणि वाचनाची सोयही नवी नाही. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारताना "रोमान्स द्या" म्हणू नये; लेखकाचं नाव आणि मालिकेतला क्रमांक कागदावर लिहून न्यावा. मालिकेतलं दुसरं पुस्तक आधी वाचलं की पहिल्यातलं लग्न ठरणार का, ही हुरहुरच संपते.

साडेतीनशे पानांच्या कादंबरीला रोज वीस पानं धरली तर अठरा दिवस लागतात. तीन-चतुर्थांशाच्या आसपास सगळं मोडतं: पत्र चुकीच्या हाती पडतं, जुनं पाप उघड होतं. तिथे रात्री पुस्तक मिटू नये, पुढचं प्रकरण वाचूनच झोपावं. पाच-सहा जणांनी मिळून वाचायचं तर चार रविवार ठेवावेत, कमाटी बागेत ऊन चढायच्या आत. एकाकडे मराठी बायबल असावं. प्रत्येक वेळी प्रार्थनेचं एकच पान मोठ्याने वाचावं, आणि ज्याला ते पटलं नाही त्याला आधी बोलू द्यावं. शेव-उसळ नंतर, आधी गेलात तर पुस्तक पिशवीतून बाहेर निघत नाही.